घरच्या माणसाची परवानगी

कॉलेजातली मुलं तिला पाठीमागे 'स्वल्पविराम' म्हणत. पोरांच्या जिभेला हाड नसतं. पण नाव चपखल होतं. निबंध कितीही झकास असो, बाईंची लाल शाई आधी स्वल्पविरामावर पडायची. ही स्वल्पविराम बाई कित्येक वर्षं त्याच कॉलेजात कंत्राटावर भाषा शिकवत होती. दर वर्षी नवं पत्र, दर वर्षी तीच धाकधूक. यंदा विभागात एक कायमची जागा निघाली, म्हणजे कंत्राट आता संपणारच. विभागप्रमुखांनी तिला बोलावून सरळ सांगितलं, "एक तरी पेपर बऱ्या जर्नलने छापायला घेतल्याचं पत्र आणा. नाहीतर मी काही करू शकणार नाही."

पेपर होता आणि चांगला होता. त्याचा विषय घरातच बसलेला होता, तिची आई.

आई कपडे शिवायची. नवरा लवकर गेला, मग त्या एका मशीनवर तिने लेकीला वाढवलं, शिकवलं, शहाणं केलं. म्हातारपणी तिच्या डोक्यातून एकेक शब्द गळायला लागला. पण ती काय गप्प बसणारी होती? कात्रीचं नाव आठवलं नाही तर म्हणायची, "ती चावरी कुठे गेली?" सुई म्हणजे टोचरी. घड्याळ म्हणजे भिंतीवरचं घाई करणारं. वस्तूचं नाव जायचं, पण ती वस्तू काय करते ते जायचं नाही. लेकीच्या हे ध्यानात आलं आणि ती आईचं बोलणं रेकॉर्ड करू लागली. आधी नुसत्या मायेपोटी. अभ्यासाचं मागाहून सुचलं.

एका मोठ्या जर्नलला ते आवडलं. परीक्षकांनी तोंडभरून कौतुक केलं आणि खाली लिहिलं, आता फक्त मजकूर आमच्या साच्यात बसवून द्या. हे 'फक्त' म्हणजे काय ते ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक. संदर्भात आडनाव आधी, वर्ष कंसात, पुस्तकाचं नाव तिरकं आणि लेखाचं सरळ. एकदा पेपर परत आला, कारण ओळींना क्रमांक नव्हते. क्रमांक घातले तर तक्ते मधे नकोत, शेवटी हवेत. शेवटी नेले तर म्हणे शब्द जास्त झाले. घरात एक माणूस रोज थोडं थोडं विझतंय, आणि यांचं अडलंय पानाच्या समासावर.

शब्द कमी करायचे म्हणजे आईचीच वाक्यं कापायची, कारण संदर्भांना हात लावायची सोय नव्हती. आईचं नाव तर आधीच गेलं होतं. पेपरात ती 'सहभागी क्रमांक एक' झाली होती, जसे काही दुसरे सहभागी रांगेत उभे होते. "तू आलीस की घर भरतं गं," असं आई एकदा म्हणाली होती. त्यात विसरलेला शब्द एकही नव्हता, म्हणून ते वाक्य कामाचं नव्हतं. लेकीने ते काढलं आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

अखेर रविवारी सकाळी सगळं साच्यात बसलं. मुदत त्याच संध्याकाळपर्यंतची. ती पेपर पाठवायला बसली आणि शेवटच्या पानावर अडकली. सहभागी व्यक्तीची लेखी परवानगी जोडा, असं तिथे लिहिलं होतं.

परक्या माणसाचं बोलणं टिपलं असतं तर पहिल्याच दिवशी सही घेतली असती. पण आईला कसली परवानगी मागायची? जन्मभर जिच्या ताटातलं न विचारता उचललं, तिला विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. आता आईला सही म्हणजे काय तेही उमजत नव्हतं. खाली बारीक अक्षरात सोय होती, सहभागी असमर्थ असल्यास जवळच्या नातेवाइकाची सही चालेल.

तिने विभागप्रमुखांना फोन केला. ते म्हणाले, "म्हणजे सही तुम्हीच करायची आहे की. मग अडलंय कुठे?"

तरीही ती उठून आतल्या खोलीत गेली. आई खिडकीशी, बंद मशीनपाशी बसून एका कापडाची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. अलीकडे ती लेकीला ओळखत नसे. दिवसा सांभाळायला येणारी बाई आणि लेक, दोघींनाही ती 'ताई' म्हणायची.

"आई, तू बोलतेस ना, ते मी लिहून ठेवलंय. छापलं तर चालेल? परके लोक वाचतील."

"काय बोलते मी?"

"चावरी म्हणतेस. टोचरी म्हणतेस."

"मग त्यांना काय म्हणतात?"

"कात्री. सुई," लेक म्हणाली. आईने घडी मांडीवर ठेवली. "माझं चुकतं होय? मग नको हो ताई. चारचौघांत कशाला? माझ्या मुलीला विचारा, ती शिकलेली आहे. तिचा शब्द तो माझा शब्द. पण ती नाहीच म्हणेल. ती माझं हसं होऊ द्यायची नाही."

लेक बाहेर येऊन टेबलापाशी बसली आणि रडली, चांगली पोटभर रडली. पण रडून कुणाचं भागलंय? नाही म्हणावं तर नोकरी जाणार, मग दिवसाची बाई जाणार, मग आईला कुठे ठेवायचं? हो म्हणावं तर आई नको म्हणाली होती, स्वच्छ शब्दांत. इकडे आड, तिकडे विहीर. दुपार कलली तेव्हा तिने सही केली. पुढे नातं विचारलं होतं. तिने लिहिलं, मुलगी. मग सवयीने एकदा समास तपासला आणि पाठवून दिलं. मजकूर मिळाला, धन्यवाद, असं उत्तर लगेच आलं.

ती चहा घेऊन आत गेली. आईने कप हातात घेतला.

"विचारलंत का माझ्या मुलीला?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"हो म्हणाली."

आईने चहाचा एक घोट घेतला.

"मग तिची काहीतरी अडचण असेल," ती म्हणाली. "तुम्ही तिला बोल लावू नका हं, ताई."