मास्तरांचं संथ इंग्रजी गाणं

गाणं ऐकताना कोणी शिंकलं, तरी आमचे बँडमास्तर ते पहिल्यापासून लावायला लावायचे. "मधी तुटलं की गानं मेलं," म्हणायचे. ते आमच्या ओसरीवर येऊन बसले, की आई फोडणीसुद्धा थांबवायची. घरात सगळ्यांचाच जीव मुठीत.

सत्तर सालच्या सुमाराचं सोलापूर मिलच्या भोंग्यावर चालायचं आणि आमच्या भागातली लग्नं मास्तरांच्या बँडवर. मास्तरांची क्लॅरिनेट, धाकट्या भावाचं, बाशाचं, ट्रम्पेट. ते आमच्या समोरच राहायचे. मी तेव्हा कॉलेजात होते. माझ्या मामानं विलायतेहून रेकॉर्ड प्लेअर आणि चार पोरांच्या एका इंग्रजी बँडच्या तबकड्या पाठवल्या होत्या. त्यातले दोघे जोडीनं गायचे, एक खालच्या सुरात, दुसरा वरच्या. मास्तरांनी ती रीत उचलली. खालचा सूर स्वतःकडे, वरचा बाशाकडे. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण सुरात चुकणाऱ्याची खैर नव्हती.

मी कव्हरवरचं वाचून सांगायचे, मास्तर फोटो बघायचे. पहिल्या कव्हरवर चौघे एका रंगाच्या सुटात, खांद्याला खांदा लावून. पुढे गाण्यांत व्हायोलिनं आली, टाळ्या गेल्या. शेवटच्या कव्हरवर दाढ्या वाढलेल्या आणि चौघांची तोंडं चार दिशांना. ते त्यांनी पालथं ठेवलं.

"फुटनार हे, बेटा."

फुटलेच. पेपरातली चार ओळींची बातमी मी वाचून दाखवली तेव्हा बाशाही तिथंच होता. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. बाशाला स्वतःचा बँड काढायचाय, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

त्या पोरांचं एक गाणं मास्तर पाठवणीला वाजवायचे. इतकं संथ, की वरबापसुद्धा डोळे टिपायचे. एका दुपारी बाशा तरातरा आला. रेडिओच्या दुकानात त्यानं तेच गाणं ऐकलं होतं आणि हे पाठवणीचं, असं सांगून बसला होता.

"भाई, नाचने का गाना है वो! लोगां हसे मेरे पे!"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं हाय, बेटा?"

मी प्लेअरपाशी वाकले. प्लेअरवरचा वेगाचा खटका मी कधी हलवलाच नव्हता. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची ती छोटी तबकडी आम्ही तेहेतीसवर ऐकत आलो होतो. खटका सरकवला आणि गाणं टणाटण उड्या मारत सुटलं. कोणी शिंकलं नाही, तरी मास्तरांनी ते दोनदा पहिल्यापासून लावायला लावलं. मग म्हणाले, "पोरांनी घाई केली."

"जिद छोडो, भाई. वैसाच बजायेंगे."

"नक्को. पाठवनी अशीच वाजनार."

बाशा ट्रम्पेट घेऊन गेला तो गेलाच. चूक माझी होती. मला कोणी एका शब्दानं बोललं नाही, हेच जास्त लागलं.

तीन वर्षांनी माझं लग्न झालं. पाठवणीला मास्तरांनी तेच गाणं काढलं. वरचा सूर त्यांनी बाशानंतर कुणालाच दिला नव्हता, ती जागा मोकळीच राहायची. मी मांडवाबाहेर आले आणि गर्दीत बाशा दिसला, साध्या शर्टात, रिकाम्या हातानं. त्याची तीन बोटं मांडीवर ट्रम्पेटची बटणं दाबत होती. संथ, भावाच्याच चालीनं.

मास्तरांनाही ते दिसलं. त्यांनी क्लॅरिनेट तोंडातून काढली. बँड थांबला. सासरे घड्याळ बघायला लागले, जीपवाल्यानं हॉर्न दिला. मास्तरांनी शेजारच्या वादकाच्या हातातलं ट्रम्पेट घेतलं आणि भावापुढे धरलं.

"पहिल्यापासून," ते म्हणाले.

मी हुंदके देऊन रडायला लागले. आईला वाटलं, सासरी जायचं म्हणून.