स्वयंपाकघरातला सेनापती

माझा भाऊ सेसिल गावातल्या गिरणीत कापड तपासायचा. उजेडासमोर ताणलेल्या कापडात एक धागा सुटलेला दिसला की अख्खं ठाण परत! गिरणी बंद पडली, हा घरी बसला, पण त्याचा डोळा काही घरी बसला नाही. मी भिंतीवर तसबीर लावली की लांबून मान वाकडी करून म्हणणार, "मेव्हिस, डावीकडे अर्धा इंच." अर्धा इंच! नवरा गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले तेव्हाच ठरवलं होतं, की या माणसाशी मापावरून वाद घालायचा नाही. पाळलं मात्र एक दिवसही नाही.

दर शनिवारी दुपारी चॅपलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चच्या, मागच्या हॉलमध्ये त्याची मंडळी जमतात. चांगली नातवंडं असलेली माणसं टेबलावर हिरवं कापड अंथरतात, त्यावर पुठ्ठ्याच्या टेकड्या आणि लाकडी चर्च मांडतात आणि शिशाच्या सैनिकांनी जुन्या फ्रेंच-ऑस्ट्रियन लढाया खेळतात. सैनिक इंचभर उंच, कोटाची बटणंसुद्धा रंगवलेली. कोण किती चाललं ते पट्टीने मोजायचं, कोण मेलं ते फाशांनी ठरवायचं. मी तिथला चहा बघते. ज्यांना हसायचं असेल त्यांनी हसून घ्या, पहिल्या दिवशी मीही हसले होते.

सेसिलचा हट्ट एकच, की लढाई खरी वाटली पाहिजे. नियम त्यानेच लिहिलेले आणि दरवर्षी त्यात भर. चिखलात तोफ किती हळू चालते, दमलेला घोडा कुठे थांबतो, दारू ओली झाली तर बार किती फुसके जातात, सगळं त्यात. परिणाम असा, की एका लढाईला तीन-तीन शनिवार लागायला लागले. आणि समोर कोण? तर विल्फ सटक्लिफ. जन्मभर बस चालवलेला, गोल पोटाचा, हसरा माणूस. त्याला फक्त घोडदळ दौडवायचं असे.

"अरे सेसिल, एवढ्या वेळात खरे फ्रेंच लढून, जेवून, घोरायलासुद्धा लागले असते."

"घाई असेल तर सापशिडी खेळ."

"आणि तुझं ते माप! इंचाला पंचवीस यार्ड म्हणतोस ना? मग हा इंचभर शिपाई पंचाहत्तर फूट उंच झाला की. चर्चच्या मनोऱ्यावर कोपर टेकून उभा राहील लेकाचा."

सेसिल लालबुंद व्हायचा, कारण ते खरंच होतं. माणसं जमिनीच्या मापात करायची तर मुंगीएवढी होणार, रंगवायची कशी? आणि जमीन माणसांच्या मापात करायची तर हॉल सोडून शेतात जावं लागणार. ही तडजोड त्याला भातात खडा लागावा तशी लागायची. पण त्याहूनही जास्त सलायचं ते वेगळंच.

"आपण कावळ्यासारखं वरून सगळं बघतो," तो म्हणायचा. "खऱ्या सेनापतीला काय दिसायचं? धूर. आणि एखादा घामाघूम निरोप्या."

म्हणून त्याने एकदा नवा नियम काढला. दोन्ही सेनापतींनी वेगवेगळ्या खोल्यांत बसायचं, टेबलाकडे बघायचंच नाही. पंचाने निरोप आणायचे आणि हुकूम न्यायचे. तासाभरात बंड झालं. "आम्ही खेळायला येतो, दवाखान्यात नंबर लावून बसायला नाही," असं नळकाम करणारा डेस म्हणाला. डेस म्हणजे आमच्यातला सगळ्यांत मऊ काळजाचा. तोसुद्धा चिडला म्हटल्यावर नियम बारगळला.

पुढे विल्फचे डोळे गेले. एकदम नाही. नजरेच्या मधलं सगळं पुसलं गेलं, कडेचं धूसर तेवढं उरलं. तो शनिवारी येईनासा झाला. त्याची मुलगी लांब शहरात, घरात दुसरं कुणी नाही. शेवटी सेसिल आणि मी त्याच्याकडे गेलो. खिडकीचे पडदेही न उघडता तो रेडिओजवळ बसला होता.

"येत का नाहीस?" सेसिलने दारातूनच विचारलं. कसा आहेस, बरा आहेस का, काही नाही!

"मागच्या खेपेला मी माझं घोडदळ नदीच्या मधोमध नेऊन उभं केलं," विल्फ म्हणाला. "तुम्ही सगळे गप्प. मग कुणीतरी हळूच उचलून काठावर ठेवलं. मला कळलं नाही असं वाटलं का? कीव करायला चर्चच्या बायका आहेत मला, दर मंगळवारी केक घेऊन येतात. तुमच्याकडून नको."

 सेसिल खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत बसला होता. समजुतीचा एक शब्द निघेल तर शपथ! मग एकदम म्हणाला, "तुला टेबल दिसत नाही. ठीक. मलाही दिसणार नाही. खोल्यांचा नियम लावतो. दोघेही धुरात."

 विल्फचं पोट हलायला लागलं, इतक्या महिन्यांनी तो हसत होता. "म्हणजे तुझ्या त्या मुलखाच्या कंटाळवाण्या नियमासाठी तुला शेवटी एक आंधळा सापडला म्हण की!"

"सापडला," सेसिल म्हणाला.

लढाईआधी विल्फ टेबलाभोवती फिरून सगळं बोटांनी चाचपून घ्यायचा. टेकड्या, पवनचक्की, नदीवरचा पूल. बसवाल्याचं डोकं ते, एकदा पाहिलेला रस्ता विसरायचं नाही. मग तो माझ्याबरोबर हॉलच्या स्वयंपाकघरात बसायचा आणि सेसिल शेजारी, घडीच्या खुर्च्या ठेवतात त्या अडगळीच्या खोलीत. डेसला पंच केलं. बाकीचे टेबलाभोवती बसून बघत, आणि मजा म्हणजे आता त्यांनाही कंटाळा येत नव्हता. विल्फ तर असा खुलला म्हणून सांगू! "डेस, टेकडीमागून धूळ उडतेय का? मेव्हिस, खिमा भरलेला तो पोर्क-पाय आहे का अजून?" पहिली लढाई त्याने जिंकली, दुसरी सेसिलने. दोघेही हॉलमधून भांडत बाहेर पडायचे. मला कोण आनंद झाला.

तिसऱ्या लढाईत घोळ झाला. विल्फकडे ऑस्ट्रियन होते आणि त्याची डावी बाजू, तीन पलटणी, पवनचक्कीजवळ होती. राखीव फौज त्याने फार वेळ हातात धरून ठेवली. मी चहाचा ट्रे घेऊन हॉलमध्ये गेले तर पवनचक्कीजवळ कुणीच नाही! तिन्ही पलटणी मेलेल्यांच्या डब्यात पडलेल्या. मी आत आले तेव्हा डेस विल्फला सांगत होता, "डावी बाजू पक्की आहे. हलत नाही."

मी डेसकडे बघितलं, त्याने मान खाली घातली. मला त्याचा राग आला नाही, खरं सांगते. विल्फचा चेहरा इतका खुशीत होता, की मीही तोंडाला कुलूप लावलं.

"शाबास!" विल्फ गरजला. "मग त्या तिन्ही पलटणींना म्हणावं, चला पुढे!"

मधली भिंत म्हणजे नुसती फळी, पलीकडे शब्द न् शब्द जायचा; आणि ती बाजू कापल्याचा निरोप सेसिलला आधीच मिळाला होता. पुढच्याच क्षणी स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि स्वतःचाच नियम मोडून सेसिल आत आला.

"विल्फ, तुझी डावी बाजू मघाशीच संपली. डेस खोटं सांगतोय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सेसिल! एक लढाई! एक मेली शिशाची लढाई, ती घेऊ दिली असतीस तर तुझं काय गेलं असतं?"

तो माझ्याकडे बघेचना. विल्फ उठला, दाराची चौकट धरत हॉलमध्ये आला आणि पवनचक्कीपासून हात सरकवत नेला. हाताखाली नुसतं कापड. परत फिरवला. नुसतं कापड. 

"मी मेलेल्यांना हुकूम सोडत होतो," विल्फ म्हणाला. मग डेसच्या दिशेने वळला. "डोळे गेलेत माझे, डेस. अक्कल नाही गेली."

डेसला रडू कोसळलं. मोठा बाप्या माणूस, बाहीने नाक पुसत होता. "तू परत येणं बंद करशील असं वाटलं रे मला," तो म्हणाला. कुणीतरी म्हणालं, आज बरोबरी धरू. मीही होकार भरला.

"बरोबरी नाही," सेसिल म्हणाला. "हरतोय तो."

मनात म्हटलं, संपलं. आता हा माणूस या हॉलची पायरी चढायचा नाही. पण विल्फचा हात टेबलावरून उजवीकडे चालला होता. टेकडीपाशी थांबला, एकेका शिपायाच्या टोपीला बोट लावत गेला.

"हे तर खरे आहेत," तो म्हणाला. "यांना पुलावरून बाहेर काढायचंय मला. सेसिल, जा तुझ्या अडगळीत. आणि निरोप आता मेव्हिस आणेल. तिच्या जिभेला साखर कधी लागलेलीच नाही."

अगं बाई! चहावाली मी, आणि एकदम निरोप्याच झाले. पंचाची खुर्ची डेसचीच राहिली, पण बोलायचं मी. विल्फ परत स्वयंपाकघरात बसला; मी आत येऊन सांगायचं, "तोफा गेल्या, विल्फ." परत जायचं, परत यायचं. "पुलाच्या तोंडाशी गर्दी झालीय. मागची पलटण कापली." दरवेळी तो फक्त मान हलवून पुढचा हुकूम द्यायचा. पोर्क-पायच्या ताटलीला हात लावला नाही. दोन्ही मुठी स्वयंपाकघरातल्या टेबलावर घट्ट.

शेवटी मी आत आले. "गेले," म्हटलं. "घोडदळ आणि दोन पलटणी. पूल ओलांडला. आता सेसिलला पकडता येत नाहीत."

त्याने चेहरा माझ्याकडे वळवला. "खरं?"

"खरं."

"डेसनेही असंच सांगितलं होतं, मेव्हिस."

 मी त्याला हात धरून हॉलमधल्या टेबलाकडे नेणार होते. पण सेसिलला निरोप आधी देऊन आले होते, आणि तेवढ्यात शेजारच्या खोलीत खुर्ची लाथेने उडाल्याचा आवाज आला. पाठोपाठ माझ्या भावाने, जो गिरणीत पोरांना साधं 'गाढवा' म्हणायचा नाही, त्याने चॅपलच्या छपराखाली अशा काही शिव्या हासडल्या, की मी कानांवर हात ठेवले. हातातोंडाशी आलेला घास गेला होता त्याचा, आणि तो मनापासून जळत होता.

विल्फ ऐकत राहिला. मुठी हळूहळू सुटल्या.

"निसटलो गं," तो म्हणाला. मग चाचपडत उठला, भिंतीपाशी गेला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना फळीवर मूठ आपटून ओरडला, "अजून एक शिवी दे, सेसिल! शेवटची नीट ऐकू आली नाही!"