पाण्याची दोन अक्षरं

मोनिकाबाई नसत्या तर माझी नोकरी गेली असती आणि तुळिंजची खोली सोडून मी वाशिमला परतले असते. हे आधी सांगते, बाकीचं नंतर.

बाई इथल्याच, निर्मळ गावच्या. वालीवला आमच्या कारखान्याच्या फाटकासमोर त्यांचं टायपिंगचं दुकान. लग्नपत्रिका, चर्चची पत्रकं, आमच्या डब्यांची लेबलं, सगळं त्यांच्याकडे. सकाळी स्कूटर लावायच्या आधीच कुणाला तरी टाकून बोललेल्या असायच्या. गिऱ्हाइकाने मोबाइलवरून मजकूर पाठवला की म्हणत, "दिसतंय मराठी. आत काय भरलंय ते बघू दे." जुन्या फाँटमध्ये पडद्यावर छान मराठी दिसायचं आणि दुसरीकडे चिकटवलं की इंग्रजी कचरा व्हायचा. तो निस्तरण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, माणसांवर त्याहून नाही. मला त्या 'नववी पास' म्हणत. मला राग यायचा नाही. हाक मारणारं इथे दुसरं होतं कोण?

मी चालवायचे ते प्लास्टिकचे डबे काढायचं मशीन चिनी. एका दुपारी ते थांबलं आणि पडद्यावर लाल चौकटीत चिनी अक्षरं आली. मालकांचे भाचे इंजिनिअर. आम्ही बायका त्यांना मागून भाचेसाहेब म्हणायचो, तोंडावर नुसतं साहेब. त्यांनी मोबाइलच्या कॅमेऱ्याने ती अक्षरं टिपून मशीनच्या चिनी माहितीपुस्तकात शोधली. सापडली नाहीत. लगेच निकाल: पुस्तकात नाही म्हणजे असा बिघाड होतच नाही, म्हणजे हिनेच काहीतरी दाबलं. मालक येऊ देत, मग हिला घरी पाठवू. एवढ्या शिक्षणाचं हे फळ, की आपल्याला सापडलं नाही ते जगात नाही.

मी बाईंकडे गेले ती रडायला. त्यांनी रडणं ऐकलंच नाही. पडद्याचा फोटो मागितला. पुस्तक कारखान्याच्या ग्रुपवर होतं, तेही मागितलं. आधी म्हणाल्या, पुस्तकच दुसऱ्या मशीनचं दिसतंय, तुमच्या साहेबासारखं. पण पहिल्या पानावर आमचंच मशीन होतं. मग त्या एकेक पान बघत गेल्या. फोटोतलं पहिलं अक्षर पुस्तकात डोळ्यांना जागोजागी दिसत होतं, आणि शोधलं की संगणक नाही म्हणत होता. बाईंनी दोन्हीकडची अक्षरं शेजारी ठेवली: 水 आणि ⽔. जुळी बहीणच. मग संगणकाला त्यांचे नंबर विचारले. ते निराळे निघाले.

"संगणक चेहरा बघत नाही गं, नंबर बघतो."

इंटरनेटवर वाचत त्यांनी मला सांगितलं. चिनी लोक शब्दकोश लावायला अक्षरांचे मूळ तुकडे धरतात. आमचं अक्षर म्हणजे पाणी; तो तसा तुकडा, आणि तोच अख्खा शब्दही. संगणकात तुकड्याला एक नंबर, शब्दाला दुसरा. पुस्तक तयार करताना कुठल्याशा सॉफ्टवेअरने शब्दाच्या जागी तुकडा बसवला होता. तो बसवणाऱ्याचा उद्धार बाईंनी घरच्या बोलीत केला, तो मला कळला नाही ते बरं. मग पुस्तकातलंच अक्षर उचलून शोधलं. फोटोशी जुळणारी ओळ मिळाली. मोबाइलने मराठी केलं: पाण्याचा दाब कमी, जाळी साफ करा.

जाळीतून बोटभर गाळ निघाला. मशीन थंड ठेवायला पाणी आणणारा नवा टँकर लावला होता भाचेसाहेबांनीच. मालकांसमोर बाईंनी दोन्ही अक्षरं दाखवली, तरी भाचेसाहेब म्हणत राहिले, असं कसं, सारखीच तर दिसतात.

"तुम्हीही इंजिनिअरसारखे दिसताच की," बाई म्हणाल्या आणि दुकान उघडं आहे म्हणून निघाल्या. मागे धावत जाऊन मी आभार मानले, तर म्हणाल्या, आभार जेवणात वाढतात का?

आता त्यांच्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. ऑपरेशननंतर काही दिवस पडदा बघायचा नाही. सुट्टीच्या दिवशी मी दुकानात बसते, असं मी भीत भीत म्हणाले.

"नववी पासच्या हाती माझं दुकान," बाई म्हणाल्या, आणि चावी कुठे असते ते सांगितलं.

बाई, एवढ्याने त्या दुपारची फेड होत नाही, मला ठाऊक आहे. पण कधीतरी करीनच. तोवर तुमच्या दुकानात येणारं एकेक अक्षर उघडून बघीन, आत काय भरलंय ते.