बेबाबाईने आबांना उठवलं

बेबाबाईचा राग आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. ती गावची आशाताई. धरणगाव तालुक्यातल्या आमच्या गावात कोणाच्या पोराची लस राहिली, कोणाचं बाळंतपण अवघडलं, की ती चपला पायात सरकवता सरकवताच बोलायला लागते. लोक म्हणतात, तिला गोड बोलता येत नाही. मला वाटतं, येतं; तिने ते सोडून दिलंय. तिचं माहेर धुळ्याकडचं. तिची आई अंगावरून जाण्याचं दुखणं लाजेपायी लपवत राहिली आणि तशीच गेली. ते ती सांगत नाही. पण तिच्यासमोर कोणी लाजेचा शब्द काढला, की तिचा चेहराच बदलतो.

मला लिहायची सवय नाही. हे नीट मांडता येईल की नाही, शंकाच आहे. पण शेवंताबाईंचं झालं ते पाहिल्यापासून राग आतल्या आत फिरतोय.

गेली काही वर्षं आमच्याकडे कर्करोगाची तपासणी होते. उपकेंद्रातल्या हेमांगी मॅडम पिंप्राळ्याहून स्कूटरवर येतात. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी, साखर आणि तोंड बघतात. जागा मारुतीच्या देवळाचा सभामंडप, कारण तिथे पंखा आहे. त्याच मंडपात खांबांना टेकून गावातली म्हातारी मंडळी बसलेली असतात. ती रोजच बसतात, तपासणीच्या दिवशीही बसतात.

आमच्याकडे सून सासऱ्यासमोर किंवा जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तोंड उघडून हसतसुद्धा नाही. पदर दातात धरायचा आणि खाली बघायचं. या बायका रांगेने पुढे यायच्या, मॅडम बॅटरी धरायच्या, बायका बोटभर ओठ उघडून मिटायच्या. झाली तपासणी. बेबाबाईने दरवर्षी शाळेची खोली मागितली. ग्रामपंचायतीत तिला सांगायचे, "खोलीत पंखा नाही, मॅडमला उकडंल." मॅडमला उकडू नये याची केवढी काळजी!

शेवंताबाई माझ्या शेजारच्या. केळीच्या बागेत कामाला जातात. दातांना मिसरी लावतात, तशी आमच्या गल्लीत निम्म्या बायका लावतात. जीवराम आबा त्यांचे जेठ. लग्न होऊन आली तेव्हापासून ही बाई आबांशी एक शब्द बोललेली नाही. काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगितल्यासारखं सांगते. तपासणीच्या दिवशी आबा मंडपात पहिल्याच खांबाशी असतात.

यंदा चैत्रात माझ्या गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घातले. दरवर्षीच घालतात. गल्लीतल्या बायका पहाटेच ज्वारीचा घाटा शिजवतात आणि धोतरांवर बिबडे थापतात. थापता थापता गरम घाटा वाट्यांत घेऊन वरून तेल टाकून खातात. लसूण-मिरची घातलेला तो घाटा कोणी सोडत नाही. माझ्यासाठीही वाटी खाली येते. मी ओट्यावर बसून खात होतो, शेजारी आबा. गच्ची बुटकी आहे, वरचं सगळं ऐकू येतं.

"शेवंता, वाटी काब सरकाडी वं?" बेबाबाईचा आवाज.

"भूक नही."

"दरसाल दोन वाट्या खास. यंदा डाएट करी राहिनी का?"

बायका हसल्या. शेवंताबाई हसल्या नसाव्यात.

"तोंडनी आग व्हस. उष्णता शे."

"कितला दिन व्हयनात?"

"पोयापाईन."

पोळ्यापासून, म्हणजे सात-आठ महिने. वरचं हसणं थांबलं.

"तोंड उघाड."

"आबा खाले बठेल शेतस."

आबांनी मान वर केली नाही. ते तंबाखू मळत होते. जिन्यावर चपलांचा आवाज झाला आणि बेबाबाई समोर येऊन उभी राहिली. हाताला कोपरापर्यंत घाटा.

"आबा, उठा. घर जा."

"काब? काय व्हयनं?"

"तुम्हना भावनी बायकोले तोंड उघाडनं शे."

"मंग उघाडू दे ना. मी कधी नही म्हनं?"

"नही म्हनं नही. पन कधी उठनात बी नही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाटीकडे पाहत राहिलो. ते उठले, तंबाखू झटकली आणि गेले.

"नाना, तुम्हीन बी," ती मला म्हणाली. मी घरात गेलो आणि दार लावून घेतलं.

गालाच्या आत, दाढेजवळ, जखम होती. कडा टणक, भोवती पांढरा चट्टा. हे बेबाबाईने मला नंतर सांगितलं. तेव्हा ती तशीच, घाट्याच्या हातांनी, उपकेंद्राकडे निघाली. शेवंताबाईंना पुढे घातलेलं, मी मागे.

"मॅडम, तुम्ही हिवाळ्यात हिची तपासणी केली," बेबाबाई म्हणाली. "काय लिहिलं?"

हेमांगी मॅडमने संगणकात पाहिलं. "काही आढळलं नाही."

"तोंडात पाहिलं होतं?"

"ताई, त्यांनी तोंड उघडलंच नाही. तुम्ही होतात ना तिथे."

"मग पाहता आलं नाही, असं लिहायचं. काही आढळलं नाही, असं कसं लिहिलं?"

मॅडमचा आवाज बारीक झाला. "तसा रकानाच नाहीये, ताई."

मला त्या पोरीचा राग आला, मग कीव आली, मग पुन्हा राग आला. तोंड न उघडणाऱ्या बाईसाठी रकाना नाही, आणि तोंड उघडता येईल अशी जागाही नाही. पण गावाची तपासणी पूर्ण झाल्याचं वर कळवलेलं आहे.

ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर पुढच्या आठवड्यात येणार होते. बेबाबाई थांबली नाही. तिने मॅडमना तिथेच जळगावला फोन लावायला लावला, चिठ्ठी घेतली आणि दुपारच्या एसटीने शेवंताबाईंना घेऊन गेली. तुकडा काढून तपासला. कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, अर्धा जबडा गेला. डॉक्टर म्हणाले, आधी नुसता चट्टा असणार, दोन-तीन वर्षं तरी. तेव्हा दिसला असता तर तेवढाच काढून भागलं असतं. त्या वर्षांत शेवंताबाई दरवर्षी मंडपातल्या रांगेत उभ्या होत्या. पंख्याखाली.

बेबाबाई हे ऐकून दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत गेली आणि शाळेची किल्ली घेऊनच बाहेर आली. आत काय बोलली ते कोणी सांगत नाही.

शेवंताबाई घरी आल्या तेव्हा आबा भेटायला आले. दारातच उभे राहिले. मी आत बसलो होतो, बेबाबाई वाटीत पातळ पेज गाळत होती.

"कशी शे तब्येत?" आबांनी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला, सरळ.

शेवंताबाईंनी पदर दातात धरला नाही. धरता येण्यासारखं तोंड राहिलेलं नाही. त्यांनी आबांकडे बघून बोलायला सुरुवात केली आणि बराच वेळ बोलत राहिल्या. टाके ओढले जात होते, लाळ गळत होती, तरी थांबल्या नाहीत. एक शब्द कळला नाही. आबांनी बेबाबाईकडे पाहिलं. "काय म्हनस ती?"

"उभा ऱ्हा आनि आयका," बेबाबाई म्हणाली.

आबा उभे राहिले. त्या शिव्या देत असाव्यात. देत असाव्यात, अशी माझी इच्छा आहे.