भिंतीमागचा वाफेचा नळ

बुधाकाकाचा हात मिठागरातल्या चिखलावर बसलेला. त्यानं लिंपलेला बांध भरतीला दाद देत नसे. म्हणून तर उरणच्या एका दारूभट्टीवाल्या शेटनं त्याला बोलावून घेतलं आणि चिखल लोखंडावर लावायला सांगितलं. १९३१ सालची ही गोष्ट.

भट्टीत बॉयलरपासून निघालेला वाफेचा नळ साऱ्या इमारतीभर उघडाच फिरायचा. निम्मी वाफ वाटेतच थंड होऊन पाणी व्हायची आणि बॉयलर आपला लाकडं खातच राहायचा. काकानं खाडीचा चिखल, भाताचं तूस आणि काथ्या एकत्र मळून नळाला लेप दिले, वरून गोणपाट गुंडाळून सुतळीनं आवळलं. लाकूड बघता बघता कमी लागायला लागलं. गावातले चिडवायचे, "बुधाजी लोखंडाला गोधडी शिवतो!" शेट मात्र खूश. त्यानं काकाला भट्टीलगतची शेवटची खोली राहायला दिली. नळाचा एक उघडा तुकडा तिच्या मागच्या भिंतीला लागून जायचा, त्यामुळे ती भिंत कायम ऊन असायची.

पौषात कमळकाकी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. आधीची दोन गेलेली. ही तिसरी, ओंजळीत मावेल एवढीशी. सुईण नीराबाईनं पोर कापसावर, सुपात निजवली आणि सूप त्या भिंतीला टेकवलं. "हिला आता भिंतच आय," ती म्हणाली.

दोन दिवसांनी भट्टीचा धर्मा मिस्त्री आला. "तेवढा मागचा तुकडा लिंपून टाक."

काका गयावया करू लागला. "मिस्त्री, थंडी सरेपर्यंत राहू द्या. पोर त्याच्यावर जगलीय."

"दारूच्या शेवटच्या हंड्याला वाफ पोचत न्हाय, शेट माझ्या नावानं शिमगा करतो. तू न्हाय केलंस तर दुसरा करील. मग खोलीबी त्याचीच."

काका गेला आणि चिखल मळायला बसला. मला आजही राग येतो तो इथंच, आणि शेटचा नाही, काकाचा येतो. पण आजारी बायको आणि एवढंसं पोर घेऊन तो जाणार तरी कुठं होता?

पहिला लेप वाळला आणि भिंत कोमट झाली. दुसरा वाळला आणि ती नुसती भिंत उरली. काकी आतून ओरडत होती, "जल्लं तुमचं काम! आवो, जरा वाईट करा ना!" काकाला वाईट काम करताच येत नव्हतं.

पोरीची नखं निळी पडली. मग काकाला एकच सुचलं. कापूस, लुगड्याच्या चिंध्या, वरून गोणपाट. नळाला गुंडाळायचा तसंच त्यानं पोरीला गुंडाळलं. ती आणखी गार पडली. त्यानं आणखी गुंडाळलं.

नीराबाईनं येऊन आत हात घातला आणि काकाच्या डोक्यात एक टपली हाणली. "मेल्या, नलाच्या आत वाफ असते! हिच्या आत काय हाय? तू तर थंडीच बांधून ठेवलीस!"

काकीचं रक्त अजून थांबलं नव्हतं, तिचेच हातपाय गार पडलेले. काकानं बंडी काढली, पोर उघड्या छातीवर घेतली आणि नीराबाईनं दोघांना मिळून तेच गोणपाट आवळलं. बापयानं पोर असं छातीशी बांधून बसायचं, हे कुणी पाहिलं नव्हतं. बाया दारातून डोकावून तोंडाला पदर लावायच्या. काकी पडल्या पडल्या कापसाच्या बोळ्यानं पोरीच्या तोंडात दूध पिळायची. काका बसल्या बसल्याच झोपायचा. त्याची भीती एकच होती: आपण हललो आणि ही गेली तर?

धर्मा पुन्हा आला. नळाचा वरचा लेप राहिला होता.

"ऊठ. न्हायतर खोली खाली कर."

"मी उठनार न्हाय," काका म्हणाला. "उठलो का ही मरंल."

"तिसऱ्यांदा सांगनार न्हाय, बुधाजी!" धर्मा इतक्या जोरात ओरडला की गोणपाटातून आवाज आला. बारीक, चिरका, पण आवाज. जन्मल्यापासून पोर एकदाही रडली नव्हती.

काका घाबरून तिला थोपटायला लागला, तशी काकी अंथरुणावरून किंचाळली, "गप करू नका तिला! रडू द्या! आवो, रडू द्या!"