अर्ध्या बोटाची माया

आमच्या घरात माणसं तीन आणि गाडीत जागा दोन. सगळी भांडणं तिथूनच सुरू झाली.

गाडी म्हणजे तुम्हाला वाटते तशी नव्हे. इंग्रजी बनावटीची, हिरवी, बुटकी, दारं जेमतेम मांडीपर्यंत येणारी. डोक्यावर पत्र्याचं छप्पर नाही, कापडाचा टप. धावायलाच जन्माला घातलेली गाडी ती. आणि मालक कोण, तर म्हैसूरच्या मार्केटामागच्या गल्लीतला एक टेलर. माझे अप्पा. म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, त्याच्या पुढच्या-मागच्या वर्षांतली ही गोष्ट. तेव्हा गल्लीत नवी स्कूटर आली तरी बायका ओट्यावर येऊन उभ्या राहायच्या, मग ह्या गाडीचं काय विचारता!

ती आली कशी, ते आधी सांगते. कोडगूच्या एका कॉफीमळेवाल्याने टप शिवायला म्हणून ती अप्पांकडे आणून लावली. टप शिवून झाला, सीटा भरून झाल्या, आणि हा गृहस्थ परदेशात लेकाकडे गेला तो तिकडचाच झाला. मग त्याचं पत्र आलं, की मास्तर, ज्याने तिचे कपडे शिवले त्यानेच तिला ठेवून घ्यावं. अप्पांनी ते पत्र विठोबाच्या तसबिरीमागे खोचून ठेवलं. आई म्हणाली, "अय्यो देवा, कुणाला गाय मिळते, कुणाला शेत मिळतं, आमच्याच नशिबी हे लोखंड?"

आईचं चुकत नव्हतं. गाडी ठेवायला घरात एकच जागा, बाजूची पडवी. आणि त्या पडवीत माझ्या पणजोबांपासून दर एकादशीला भजन व्हायचं. गाडी आल्यावर भजन पुढच्या ओट्यावर आलं. अर्धी माणसं ओट्यावर, अर्धी पायरीवर, आणि मृदंग वाजवणारे काका, अप्पांचे चुलतभाऊ, एक पाय गटारावर लोंबकळत ठेवून बसलेले. "विठोबा बाहेर आणि मोटार आत," काका म्हणायचे, "कलियुग म्हणतात ते हेच."

गाडी मॉडिफाय करणं वगैरे शब्द मी आता ऐकते. अप्पा म्हणायचे, गाडी ऑल्टर करायची. स्प्रिंगचं एक वेटोळं कापलं, तर "आखूड केली." ब्रेकला नवे लायनर बसवले, तर "अस्तर बदललं." बॉनेट उघडू नये म्हणून कातड्याचा पट्टा शिवला, त्याला दुहेरी टीप. सीटला बांधून घ्यायचा पट्टासुद्धा त्यांनी स्वतः शिवला आणि ओढून बघायला मला त्यावर लोंबकळायला लावलं. दोन कार्ब्युरेटर होते, त्यांच्या डोक्यावर एक छोटं टोपण आणि त्यात घालायला पातळ तेल लागायचं. आतमध्ये पेट्रोल कमी-जास्त करणारी एक सुई. अप्पांना कोण आनंद! "बघ पोरी, सुई आणि मशीनचं तेल. ही आपल्याच जातीची निघाली." रबराची नळी कानाला लावून ते दोन्ही कार्ब्युरेटरचा श्वास ऐकायचे आणि दोन्हींचा आवाज सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवत बसायचे. गिऱ्हाईक दुकानात खोळंबलेलं असायचं.

मी तेव्हा सरस्वतीपुरमच्या एका शाळेत गणित शिकवायला नुकतीच लागले होते. शाळा सुटली की सिटी बसने घरी यायचं, पदर खोचायचा आणि गाडीखाली शिरायचं. लोक बोलायचेच. भजनाला येणाऱ्या बायका आईला म्हणायच्या, मुलीच्या हातात पाना देतात का कोणी, उद्या हिला करून कोण घेणार? आई ते सगळं रात्रीच्या भाताबरोबर अप्पांना वाढायची. अप्पा म्हणायचे, "हात काळे होतात ना? धुवायचे. साबण आहे की घरात." गल्लीत माझ्या बाजूने बोलणारा तो एकच माणूस होता.

शिवण मला त्यांनीच शिकवलं होतं, दहा वर्षांची असल्यापासून. आणि त्यात पहिला धडा एकच, माया सोडायची. शिवणीत दुमडायला कापड जास्तीचं ठेवतात ना, ती माया. मी एकदा बरोबर रेघेवर कात्री चालवली, तर माझ्या डोक्यात टपली बसली. "रेघेवर कापलंस की मेलीस! अर्धं बोट तरी माया ठेव. आणि गळा कापताना तर रेघेच्या आतच. भोक मागून मोठं करता येतं, लहान नाही करता येत." हे मी इतक्यांदा ऐकलं की माझी कात्री झोपेतसुद्धा रेघ सोडूनच चालली असती.

शहराबाहेर एक पडीक धावपट्टी होती. वर्षातून एकदा हौशी मंडळी तिथे परवानगी काढून गाड्या पळवायची. ह्या टोकाचं पिंप ते त्या टोकाचं पिंप आणि परत, अशा दहा फेऱ्या. अप्पांना कुणाला हरवायचं नव्हतं. त्यांना दहा फेऱ्या पुऱ्या करायच्या होत्या, बस. पण पहिल्या वर्षी चौथ्याच फेरीला मागच्या चाकांचा दांडा तुटला आणि गाडी बैलगाडीला बांधून आणावी लागली. तीही भर बाजारातून. नंजनगूडचा रथ निघाल्यासारखे लोक दोन्ही बाजूंना उभे. मागून अप्पा चालत होते, ओळखीच्या गिऱ्हाइकांना नमस्कार करत.

त्या एकादशीला आईने भजन संपायची वाटसुद्धा पाहिली नाही. सगळ्यांसमोर म्हणाली, "ऐकलंत का? पुढच्या वर्षी दहाच्या दहा फेऱ्या झाल्या तर गाडी पडवीत राहील, मी हूं की चूं करणार नाही. नाही झाल्या, तर गाडी जाईल आणि देव आत येईल. बोला."

अप्पांनी काकांच्या मृदंगावर हात ठेवला. "शब्द दिला," म्हणाले. अप्पांचा शब्द म्हणजे दिवाळीचे कपडे दिवाळीच्या आदल्या दिवशी तयार. कधी चुकला नव्हता.

मग वर्षभर आम्ही दोघं त्या गाडीला चिकटलो. नवा दांडा बसवला, रेडिएटर खरवडून धुतला, चाकं तोलून घेतली. सगळं झालं आणि शेवटच्या आठवड्यात इंजिनातून गरम पाणी जिथून बाहेर पडतं तिथे थेंब थेंब गळायला लागलं. दोन लोखंडांच्या मध्ये जाड कागदाचं पॅकिंग असतं, ते कुजलं होतं. अप्पा चाकाखाली होते. तिथूनच म्हणाले, "पॅकिंग तू काप गं. माझे हात भरलेत." मी ते लोखंडी तोंड कागदावर ठेवलं, खडूने रेघ मारली, कापलं, बसवलं. दहा मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी नंजनगूडच्या रस्त्याने नदीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. पाण्याच्या उष्णतेचा काटा मध्यावर, ढिम्म हलला नाही. मी म्हटलं, चामुंडीचा घाटही चढवून बघू या. अप्पा म्हणाले, "बेडा, नको. ब्रेकचं अस्तर नवं आहे, बसू दे स्वल्प." त्या दिवशी घाट चढवला असता तर गाडीने तिथेच सांगितलं असतं.

धावपट्टीवर आम्ही तिची काच काढली, टप काढला, बंपर काढला, माझी सीटही काढली. अप्पांनी हेल्मेट मागून आणलं होतं, ते कानांवर गच्च बसलं होतं. मी पिंपाशी उभी राहून फेऱ्या मोजत होते. तिसरी झाली, चौथी झाली. चौथी झाली तेव्हा मी एकटीच ओरडले, लोक बघायला लागले. पाचवी, सहावी. काय पळत होती हो! आवाज कसा, रेशमी कापडातून कात्री सरकावी तसा. सातवीला अप्पांनी मला हात केला. आठव्या फेरीला पिंपाच्या अलीकडेच बॉनेटमधून पांढरी वाफ निघाली, आणि ते बाजूला थांबले. थांबला तो बाद, असा नियम होता.

गार व्हायला अर्धा तास गेला. मग अप्पांनी ते तोंड खोललं. पॅकिंग हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. मधलं भोक पेल्याच्या तोंडाएवढं हवं होतं, ते होतं रुपयाएवढं. आणि कडेने सगळीकडून सारखी, नीट राखलेली अर्ध्या बोटाची माया. मी गळा कापला होता! पुलापर्यंत हळू जायला तेवढ्या भोकातून पाणी पुरलं. भरधाव पळताना कुठलं पुरायला?

अप्पांनी खिशातून कात्री काढली, ती त्यांच्या खिशात कायम असायची, आणि उभ्या उभ्या रेघेवर कापून पॅकिंग परत बसवलं. घरी येताना अप्पांनी ती मुद्दाम भरधाव आणली, तरी काटा जागचा हलला नाही. गाडीत काही म्हणजे काही खोट नव्हती.

ओट्यावर आई, काका, भजनाची सगळी मंडळी वाट बघत उभी. "किती?" आईने विचारलं.

"सात," अप्पा म्हणाले. "माझा हात चुकला. पॅकिंगचं भोक मी लहान कापलं."

"मास्तरांचा हात चुकला?" काका मांडीवर थाप मारून हसले. "अरे, ह्याच्याकडे मी माझ्या सदऱ्याचं माप देतो!"

मी तोंड उघडलं. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "तू आत जा. चहा ठेव." त्या ओट्यावरच्या प्रत्येकाने आईला कधी ना कधी सांगितलं होतं, की मुलीच्या हातात पाना देऊ नका. मी आत गेले आणि चहा ठेवला.

आईलाही वाईट वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी ती पुटपुटली, "एवढं कागदाचंच होतं, तर राहू दे की." अप्पा म्हणाले, "शब्द तो शब्द." आठवड्यात गाडी गेली. नंजनगूडच्या कारखान्यातला एक इंजिनिअर घेऊन गेला. जाताना अप्पांनी त्याला मशीनच्या तेलाची एक बाटली दिली आणि टप पावसात भिजला तर घडी घालू नका, हे तीनदा सांगितलं. पडवीत भजन आलं. सतरंजीखाली तेलाचा डाग राहिला. आईने शिकेकाई लावली, राख लावली, तो काही जाईना.

आणि थट्टा सुरू झाली ती सुरूच राहिली. "मास्तर, कॉलर नीट बसेल ना? नाहीतर वाफ यायची!" गिऱ्हाइकं म्हणायची आणि अप्पा त्यांच्याबरोबर हसायचे. ज्या माणसाने आयुष्यात एक बाही वाकडी कापली नाही, त्याला ही बोलणी. माझा स्वभाव फटकळ. मी हेडमास्तरांना सुनावलंय, बसच्या कंडक्टरला उतरवून भांडलेय. पण ह्या एका गोष्टीत माझी दातखीळ बसायची. लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून आणखी गप्प.

एकदा, माझं लग्न झाल्यावर, अप्पा आणि मी नंजनगूडला देवळात गेलो होतो. बसस्टॉपवर उभे होतो तर वळणाआडून आवाज आला. अप्पांनी माझं मनगट धरलं. हिरवी गाडी आमच्यासमोरून गेली, टप तोच, अप्पांच्या हातचा. "दुसऱ्या कार्ब्युरेटरची सुई झिजलीय," ते म्हणाले. बस येईपर्यंत ते त्याच दिशेला बघत होते. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं.

बोलले ते फार उशिरा. अप्पांना तोवर सुईत दोरा ओवता येत नव्हता. एकादशीचं भजन संपलं होतं, पडवीत प्रसाद वाटणं चाललं होतं, आणि काका माझ्या मुलाला तीच गोष्ट सांगत होते. "तुझे अज्जा एवढे मोठे टेलर, पण एक भोक कापायला सांगितलं, तर..."

"ते मी कापलं होतं!" मी ओरडले. ताट हातातून पडलं. "मी कापलं, अप्पांनी नाही. गाडी माझ्यामुळे गेली. आता पुरे करा काका, पुरे!" आणि मला जे रडू फुटलं ते थांबेचना, बाई. पोराबाळांसमोर, पन्नाशीच्या बाईला.

आई सावकाश अप्पांकडे वळली. "हौदा? खरंच? इतकी वर्षं लोकांचं ऐकून घेतलंत, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

अप्पा खाली वाकून ताटातले सांडलेले शेंगदाणे वेचत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"सांगायचं काय त्यात?" ते म्हणाले. "अर्ध्या बोटाची तर माया होती."