दुबई किती लांब

सुरतहून दुबईला विमानाने साधारण तीन तास लागतात. हे कळायला मला चार वर्षं लागली, आणि कळलं ते विसरवाडीच्या चौफुलीवर.

मुलीला दुबईला नोकरी लागली म्हणून आम्ही नवरा-बायको तिला सुरतला सोडायला गेलो होतो. विमान सुटल्याचं कळल्यावरच परत निघालो. सोनगडला ट्रकांच्या रांगेत अडकलो, नवापूर ओलांडलं, विसरवाडीला चहा सांगितला, तेवढ्यात तिचा फोन आला. पोहोचले म्हणाली. आम्ही अजून नंदुरबारलाही पोहोचलो नव्हतो. नवरा म्हणाला, चहा गार होतोय. माझ्या डोक्यात माझा थोरला भाऊ होता.

भाऊ वीस वर्षं दुबईत आहे. मुलगी जाण्याच्या चार वर्षं आधी आईने अंथरूण धरलं तेव्हा मी त्याला फोन केला. तो म्हणाला, अंतर फार आहे, दोन दिवस तर प्रवासातच जातात, बघतो. मी आईला सांगितलं, तो निघालाय. ही चूक माझी. आई तापीकाठच्या आमच्या गावाबाहेर फारशी कधी गेली नव्हती. रोज सकाळी तोंड पुसताना विचारायची, "कोठपावत उना व्हई?" म्हणजे, कुठपर्यंत आला असेल? मी त्याला रोज थोडा पुढे आणायची. समुद्र लागला, समुद्र ओलांडला, मुंबई आली, सुरत आलं. सहाव्या दिवशी माझ्याकडची गावं संपली, आणि त्याच दिवशी आई गेली.

भाऊ गंधमुक्तीच्या विधीला आला, अकराव्या दिवशी. एवढ्या लांबून आला म्हणून लोकांनी त्याचं कौतुक केलं. मीसुद्धा त्याला आंघोळीला गरम पाणी काढून दिलं.

विसरवाडीनंतर मी भांडले नाही. फोनवर भांडलं की तो फोन ठेवून देतो. मी थांबले. गेल्या हिवाळ्यात त्याच्या मुलाचं लग्न गावी ठरलं. आमच्याकडे नवरदेवाला पहिली हळद त्याची फुई लावते, म्हणजे आत्या. तिने लावल्याशिवाय दुसरं कोणी वाटीला हात लावत नाही. भावाला बहीण मी एकटीच.

मांडवात भाचा पाटावर बसला, बायकांनी गाणं धरलं. मी वाटी घेतली, मांडीवर ठेवली आणि भावाला समोर बोलावलं.

"भाऊ, दुबईथाईन सुरत किती तास लागनात?"

तो हसला. "तीन. आते ते जवळच शे."

"आनि माय अंथरुणवर व्हती तवय?"

गाणं थांबलं. वहिनी म्हणाली, ही काय बोलायची वेळ आहे? मी म्हटलं, हळद माझ्या हातात आहे, वेळ मी ठरवीन. मामा समजूत घालू लागले. भावाने डोक्यावरची टोपी काढली. भाच्याच्या उघड्या अंगावर थंडीने काटा आला होता. मला ते दिसत होतं. मी वाटी उचलली नाही.

शेवटी तो म्हणाला, "तवय बी तीनच लागेत."

"जोरमा बोल. मांगलासले आयकू येत नही."

तो पुन्हा बोलला. कौतुक करणारे सगळे मागेच बसले होते.

मग मी हळद लावली. पायापासून कपाळापर्यंत, रीतीप्रमाणे, नीट. पोराचा त्यात काही दोष नव्हता.

जेवणाच्या पंगतीत भाऊ माझ्यापासून लांब बसला. परत गेला त्यानंतर त्याचा फोन नाही. नातेवाईक अजून सांगतात, लग्नघरात असं करू नये. दुसऱ्या कुठल्या घरात तो मला सापडला असता, हे मात्र कोणी सांगत नाही.